पांचवें चाक

युरोपांतल्या भाषांत एक वाक्प्रचार फार दिवसांपासून रूढ आहे. जो मनुष्य मंडळींत असला काय आणि नसला काय सारखाच, त्यास जर्मन आणि फ्रेंच लोक 'गाडीचें पांचवें चाक' म्हणतात. इंग्रजींतही हा प्रयोग चालतो. गाडी चालते ती चार चाकांवर, मग पांचव्याचें काम काय, असा त्यांतला भाव. परंतु लोकांचें बोलणें आणि कारागिरांचें ज्ञान यांचा मेळ नेहमींच बसतो असें नाहीं. गाड्या बनविणाऱ्या सुतार-लोहारांच्या परिभाषेंत 'पांचवें चाक' या नांवाचा एक खराखुरा भाग होता, आणि तो नसता तर चार चाकांची गाडी नीट वळलीही नसती. आज अमेरिकेंत पिकअप ट्रकच्या हौद्यांत जी पोलादी बैठक बसवून तिला घराएवढा ट्रेलर जोडतात, त्या बैठकीलाही हेंच नांव आहे. घोडागाडीच्या पोटाखालचें हें चाक मोटारीच्या पाठीवर कसें चढलें, आणि तेथें तें कोणतें काम करतें, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

आपल्याकडील बैलगाडी दोन चाकांची. तिचा आंस वळावयाचा नसतो. बैल वळले कीं जूं वळतें, जुंवाबरोबर दांडी वळते आणि दांडीबरोबर सारी गाडी वळते. चार चाकांच्या गाडीचें तसें नाहीं. तिचे पुढचा आणि मागचा असे दोन्ही आंस जर घट्ट बसविले, तर ती सरळ रेषेंत सुखानें जाईल. पण वळणावर तिचीं चाकें फरपटत ओढावीं लागतील. म्हणून पुढचा आंस एका उभ्या लोखंडी खुंटीभोंवतीं फिरता ठेवण्याची युक्ति निघाली. ह्या खुंटीस किंगबोल्ट अथवा किंगपिन म्हणत. तथापि एकट्या खुंटीवर भार टाकला म्हणजे गाडी वळतांना एका अंगास कलते आणि खुंटीवर भलताच ताण पडतो. यावर उपाय म्हणून खुंटीच्या सभोंवार लोखंडाचीं दोन आडवीं कडीं बसविण्यांत येऊं लागलीं. एक कडें आंसावर आणि दुसरें गाडीच्या तळाशीं. वळतांना एकावर एक घांसत फिरावें आणि गाडीचा पुढचा भार दोहोंवर सारखा पसरावा, अशी ती योजना होती. जमिनीस कधींही न टेकणारें हें आडवें वर्तुळ, तेंच पांचवें चाक. मुंबईच्या रस्त्यांवर विसाव्या शतकांत ज्या घोड्यांच्या व्हिक्टोरिया धांवत, त्यांचीं पुढचीं लहान चाकेंही याच तत्त्वावर वळत. त्या गाड्या बंद करण्याचा आदेश मुंबईच्या उच्च न्यायालयानें २०१५ सालीं दिला. तोंवर ही जुनी रचना मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर होती, जरी वांकून ती पाहणारे विरळाच असतील.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ह्या चाकाला एक प्रतिस्पर्धी उत्पन्न झाला. म्यूनिक येथील लँकेन्स्पर्गर नांवाच्या गाडी-कारागिरानें असें सुचविलें कीं, सबंध आंस न फिरवितां दोन टोकांचीं चाकें तेवढीं वळवावीं. रूडॉल्फ आकरमन यानें १८१८ सालीं लंडनमध्यें त्याच्या वतीनें या कल्पनेचें पेटंट घेतलें. घोड्यांच्या गाड्यांत ही रचना फारशी रुजली नाहीं. परंतु पुढें मोटार आली आणि तिनें हीच रचना स्वीकारली. मोटारीचा पुढचा आंस फिरत नाहीं, चाकेंच वळतात. तेव्हां मोटारीच्या युगांत पांचवें चाक म्हणींतल्याप्रमाणें खरोखरच निरुपयोगी ठरणार, असें वाटण्याजोगी स्थिति होती. प्रत्यक्षांत घडलें तें उलट.

त्याचें कारण साधें होतें. जनावर असो कीं यंत्र असो, पाठीवर जितका भार पेलवतो त्याहून कितीतरी अधिक भार त्यास ओढतां येतो. मोटारीच्या मागें दुसरी गाडी जोडावी हा विचार म्हणूनच लौकर सुचला. क्लीव्हलंड येथील मोटार-कारखानदार अलेक्झांडर विंटन यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच आपल्या नव्या मोटारी गिऱ्हाइकांकडे पोंचविण्यासाठीं अशी जोडगाडी तयार केली होती. पण ह्या कल्पनेस व्यापाराचें रूप दिलें तें डेट्रॉइट शहरांतील ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहारानें. घोड्यांस नाल मारणें आणि गाड्या बांधणें हा त्याचा धंदा. १९१४ सालीं फ्रेडरिक सिबली नांवाचा लांकडाचा व्यापारी त्याच्याकडे आला. सिबलीस आपली नौका सरोवरावरील विश्रांतिस्थानीं न्यावयाची होती, आणि ती ओढण्यास त्याच्यापाशीं फोर्डची 'मॉडेल टी' मोटार होती. फ्रुहॉफनें दोन चाकांची एक गाडी बांधली. तिचा मागचा भार तिच्या स्वतःच्या चाकांवर आणि पुढचा भार मोटारीवर, अशी तिची ठेवण होती. तिला पुढचीं चाकें नसल्यामुळें तिचें नांव 'सेमी-ट्रेलर', म्हणजे अर्धा ट्रेलर, असें पडलें. नौका सुखरूप पोंचली. मग सिबलीनें आपल्या वखारीचीं लांकडें वाहण्यासाठीं तसल्याच गाड्या मागविल्या, आणि १९१८ सालीं फ्रुहॉफची ट्रेलर कंपनी रीतसर स्थापन झाली.

अर्धा ट्रेलर म्हणजे अर्ध्या अंगानें दुसऱ्याच्या खांद्यावर विसंबलेली गाडी. तेव्हां सारा प्रश्न त्या खांद्याशीं, म्हणजे सांध्याशीं, येऊन ठेपला. हा सांधा घट्ट हवा, नाहींतर गाडी सुटेल. आणि मोकळाही हवा, नाहींतर गाडी वळणार नाहीं. बरें, डावी-उजवीकडील वळण तेवढें पुरेसें नव्हे. रस्ता चढतो आणि उतरतो. मोटारीचें नाक वर गेलें असतां ट्रेलरचें तोंड अद्याप खालींच असतें. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें नॉक्स कंपनीच्या ट्रॅक्टरशीं ज्याचें नांव निगडित आहे, त्या चार्ल्स मार्टिन यानें विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत घोडागाडीचें जुनें आडवें वर्तुळ उचलून ट्रॅक्टरच्या मागच्या आंसावर बसविलें, आणि तें पुढें-मागें झुलेल अशी त्याची बैठक केली. 'झुलणारें पांचवें चाक' ह्याच अर्थाच्या नांवानें तें विकलें जाई. अशा रीतीनें मोडीत निघालेल्या भागास नवें काम मिळालें, आणि जुनें नांवही त्याच्याबरोबर आलें.

पुढें ह्या रचनेस जें स्वरूप आलें तें आजतागायत मूलतः तसेंच आहे. ट्रेलरच्या तोंडाखालीं सुमारें दोन इंच व्यासाची पोलादी खुंटी असते. तिचें नांव घोडागाडीच्या काळचेंच, किंगपिन. ओढणाऱ्या गाडीवर एक जाड पोलादी तबकडी असते, आणि तिच्यांत घोड्याच्या नालासारखी मागें उघडी खांच असते. गाडी मागें सरकली कीं खुंटी खांचेंत शिरते आणि तबकडीखालचे जबडे तिला धरतात. भार तोलते ती तबकडी. खुंटी केवळ ओढ सहन करते. दोहोंमध्यें ग्रीस भरलेलें असतें, जसें बैलगाडीच्या आंसास वंगण घालावें लागतें. न्हावा-शेवा येथें १९८९ सालीं नवें बंदर सुरू झालें, तेव्हांपासून तेथील रस्त्यांवर कंटेनरांचे जे लांबच लांब ट्रेलर चालतात, ते सारे ह्याच सांध्यावर वळतात.

परंतु मालवाहू गाडीवरून हा सांधा खासगी कुटुंबाच्या पिकअप ट्रकवर कसा आला? यांत एका प्रसिद्ध पुरुषाचा संबंध येतो. ग्लेन कर्टिस हा १८७८ सालीं न्यूयॉर्क संस्थानांत हॅमंड्सपोर्ट येथें जन्मला. आरंभीं सायकलींचा, मग मोटारसायकलींचा आणि शेवटीं विमानांचा कारखानदार अशी त्याची चढती कमान होती. ४ जुलै १९०८ रोजीं 'जून बग' नांवाच्या विमानांतून एक किलोमीटरहून अधिक अंतर उडून त्यानें जाहीर पारितोषिक मिळविलें, आणि पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा तो एक आद्य कर्ता समजला जातो. ह्याच गृहस्थास रानावनांत मुक्काम करण्याची हौस होती. कार्ल ॲडम्स ह्या आपल्या सावत्र भावाच्या साह्यानें १९१७ च्या सुमारास त्यानें 'मोटर बंगलो' नांवाचा फिरता निवारा तयार केला. 'बंगला' हा शब्द आपल्या देशांतून परदेशीं गेलेला. तो अशा रीतीनें चाकांवर चढला.

पुढें फ्लॉरिडांत स्थायिक झाल्यावर, १९२८ च्या सुमारास, कर्टिसनें 'एरोकार' नांवाचा ट्रेलर काढला. त्याचा सांगाडा विमानाच्या धडासारखा, हलक्या लांकडी पट्ट्या आणि ताणलेल्या तारा यांनीं बांधलेला होता. त्याहून नवलाचा होता तो सांधा. मोटारीच्या पाठीमागच्या भागांत कर्टिसनें विमानाचें एक हवा भरलेलें चाक आडवें बसविलें आणि ट्रेलरची खुंटी त्याच्या मधोमध रोंवली. रस्त्याचे हिसके त्या चाकाच्या हवेंत जिरून जात. पांचवें चाक हें नांव येथें अक्षरशः खरें झालें. कर्टिस १९३० सालीं वारला, आणि ती महागडी गाडी थोड्याच श्रीमंतांपाशीं राहिली. पण राहत्या ट्रेलरचा भार ओढणाऱ्या गाडीच्या शेपटास न बांधतां तिच्या पाठीवर ठेवावा, ही कल्पना तो मागें ठेवून गेला.

मध्यमवर्गीय प्रवाशांनीं त्या काळीं दुसरी वाट धरली. १९१९ सालीं टँपा येथें 'टिन कॅन टूरिस्ट्स' नांवाचें भटक्या मोटारवाल्यांचें मंडळ निघालें, आणि १९३० नंतरच्या दशकांत राहत्या ट्रेलरांची अमेरिकेंत मोठी लाट आली. ते ट्रेलर मोटारीच्या मागच्या टोकास एका गोळ्यावर अडकविले जात. कारण उघड आहे: बसावयाच्या मोटारीच्या आंसावर तबकडी बसविण्यास जागा कोठली? ती जागा होती पिकअप ट्रकमध्यें. फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं 'मॉडेल टी' मोटारीस मागें उघडा हौदा जोडून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली, तेव्हां तो शेतकऱ्याच्या कामाचा गाडा होता. महायुद्धानंतर अमेरिकेचे रस्ते रुंद झाले. १९५६ च्या कायद्यानें एक्केचाळीस हजार मैलांच्या महामार्गांची योजना हातीं घेतली गेली. पिकअपचीं इंजिनें बळकट झालीं आणि तो गाडा शेतांतून घराच्या अंगणांत आला. १९६० ते १९८० या काळांत त्याच्या हौद्यांतील पांचवें चाक आणि त्यावर टेकलेला राहता ट्रेलर हें दृश्य सर्वत्र परिचयाचें झालें. आंसाच्या वर येणारा ट्रेलरचा उंच पुढचा भाग वायां न घालवितां तेथें निजावयाची खोली करतात.

आतां भार मागें न ठेवतां वर ठेवल्यानें काय साधतें, हें कोणाही गाडीवानास कळण्यासारखें आहे. बैलगाडींत माल मागें अधिक भरला तर गाडी उलाळते, जूं वर उचललें जातें आणि बैलांच्या गळ्यास फांस बसतो. पुढें अधिक भरला तर बैलांच्या मानेवर ओझें येतें. ट्रेलरचेंही तसेंच आहे. गोळ्यावर अडकविलेला ट्रेलर आपल्या वजनाचा शेंकडा १० ते १५ भाग गोळ्यावर टाकतो. तो भाग फार कमी झाला तर ट्रेलर सापासारखा डोलूं लागतो. आणि गोळा आंसाच्या चार-पांच फूट मागें असल्यामुळें प्रत्येक हिसका तरफेप्रमाणें मोटारीचें बूड डावी-उजवीकडे ढकलतो. पांचव्या चाकाचा सांधा आंसाच्या वर अथवा किंचित् पुढें असतो. तेथें तरफ उरतच नाहीं. म्हणून तो ट्रेलर अधिक स्थिर चालतो.

पण ह्या स्थैर्याचें मोल द्यावें लागतें. असा ट्रेलर आपल्या वजनाचा शेंकडा १५ ते २५ भाग ट्रकच्या पाठीवर टाकतो. ट्रेलर दहा हजार पौंडांचा असला तर सुमारें दोन हजार पौंड हौद्यांत येऊन बसले. वर बैठकीचें वजन, माणसें आणि सामान. पुष्कळ लोक ट्रक किती ओढूं शकतो एवढाच आंकडा पाहतात आणि तो पाठीवर किती वाहूं शकतो हें विसरतात. परिणामीं आंस दबतो, टायर तापतात आणि उतारावर ब्रेक तोकडे पडतात. आंखूड हौद्याच्या ट्रकमध्यें आणखी एक अडचण असते: तीव्र वळणावर ट्रेलरचा कोपरा चालकाच्या मागची कांच फोडतो. तेवढ्यासाठीं कित्येक बैठका मागें सरकणाऱ्या केलेल्या असतात.

जोडणीचा क्रम ऐकावयास सोपा आहे. जागा सपाट पाहून ट्रेलरच्या चाकांस पुढून-मागून पाचरी लावतात. हौद्याचा मागचा फाळका खालीं करतात आणि बैठकीचा दांडा ओढून जबडे उघडतात. ट्रेलर आपल्या टेकूच्या पायांवर उभा असतो. त्याची उंची अशी ठेवतात कीं, ट्रक मागें येतांच तबकडीनें ट्रेलरचें तोंड किंचित् वर उचलावें. ट्रक हळूहळू मागें आणतात. खुंटी खांचेंत शिरते, जबडे मिटतात आणि दांडा आपल्या जागीं परत येतो. मग दांड्यास सुरक्षेची कडी घालतात, विजेची केबल जोडतात, आणि एक बारीक पोलादी दोर ट्रकला अडकवितात. ट्रेलर कधीं सुटलाच, तर ह्या दोराच्या हिसक्यानें ट्रेलरवरील बॅटरी त्याचे ब्रेक आपोआप लावते.

सारा धोका लपलेला असतो तो उंचीच्या हिशेबांत. ट्रेलरचें तोंड दोन-तीन इंच अधिक उंच राहिलें, तर खुंटी जबड्यांत न शिरतां जबड्यांच्या वर टेकते. वरून पाहणाऱ्यास सर्व कांहीं जुळल्यासारखें दिसतें. जबडे मिटल्याचा आवाजही कधीं कधीं ऐकूं येतो. मनुष्य समाधानानें टेकूचे पाय वर घेतो, पाचरी काढतो आणि ट्रक पुढें नेतो. ट्रक निघतो, ट्रेलर जागीं राहतो, आणि त्याचें हजारों पौंडांचें तोंड हौद्याच्या दोन्ही भिंतींवर आदळतें. हें अंगणांतच घडलें तर पत्र्यावर निभावतें. पण अर्धवट धरलेली खुंटी पुढें महामार्गावर सुटली, तर मागून येणाऱ्या अनोळखी माणसांच्या जिवावर बेततें.

म्हणून जाणता मनुष्य दोन गोष्टी करतो. हातांत विजेरी घेऊन तो वांकतो आणि तबकडी व ट्रेलरचा तळ यांमध्यें फट नाहींना, तसेंच जबड्यांनीं खुंटीचा कंठ सर्व बाजूंनीं वेढला आहे ना, हें डोळ्यांनीं पाहतो. त्यानंतर टेकूचे पाय जमिनीपासून अगदीं थोडे उचलून, चाकांखालच्या पाचरी तशाच ठेवून आणि ट्रेलरचे ब्रेक हातानें दाबून धरून, तो ट्रक हलकेच पुढें ओढून पाहतो. सांधा खरा असेल तर ट्रक जागच्या जागीं अडतो. खोटा असेल तर ट्रेलर फार तर बोटभर खालीं येऊन आपल्या पायांवर टेकतो आणि कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. ह्या परीक्षेनंतरच पाय पूर्ण वर जातात, पाचरी निघतात, फाळका बंद होतो आणि दिवे तपासले जातात.

लोहाराच्या भट्टींतून निघालेलें तें जुनें कडें फ्रुहॉफ, मार्टिन आणि कर्टिस यांच्यासारख्यांच्या बुद्धीनें येथवर आलें आहे. त्याचें पोलाद सुधारलें, जबडे आपोआप मिटूं लागले, हिसके जिरूं लागले. परंतु सांधा बसला कीं नुसता बसल्यासारखा दिसतो आहे, याची शहानिशा अद्यापही वांकून पाहणाऱ्या मनुष्यावरच येऊन पडते. त्या वांकण्यास आणि ओढून पाहण्यास पांच मिनिटेंही लागत नाहींत. प्रवासाची घाई असते, मुलें गाडींत बसलेलीं असतात, पाऊस येण्याच्या बेतांत असतो. आणि नेमकी त्याच वेळीं ही पांच मिनिटें वगळण्याचा मोह होतो. ज्यांनीं तो मोह एकदां केला आणि हौद्याचा पत्रा चेपलेला पाहिला, ते पुन्हां गाडीवर चढण्यापूर्वीं गुडघे टेकून खालीं पाहिल्याशिवाय राहत नाहींत.